शेवटच्या माणसाच्या चालीनं

डोंगरवाटेनं निघालेल्या ऑफिसच्या एखाद्या गटाकडे नीट पाहा. पुढचे पाच-सहा जण भराभर चढतात, वळणावर दगडांवर टेकतात, पाणी पितात, फोटो काढतात. पंधरा-वीस मिनिटांनी शेवटचे दोघं-तिघं धापा टाकत तिथं पोचतात. त्यांना पाहताच पुढचे उठतात, ‘चला, आले सगळे!’ म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना वीस मिनिटं मिळाली आणि ज्यांना ती हवी होती त्यांना एक मिनिटही नाही. असं दिवसभरात सहा वेळा घडतं. पुढच्या वर्षी त्या दोघं-तिघांची नावं यादीत नसतात. कुणी विचारलंच तर ‘घरी काम आहे’ म्हणतात.

वर्षातून एकदा सगळ्या सहकाऱ्यांनी मिळून चालायला जायचं असेल, तर सगळ्यात आधी हा एक नियम करा: शेवटचा माणूस टेकल्यावर विश्रांती सुरू होते आणि तो उठल्यावर संपते. दिवस, वाट, वेळ, जेवण यांविषयी पुढे जे सांगणार आहे, ते सगळं या नियमातूनच निघतं. ही चाल दमदार गड्यांची परीक्षा नाही. वर्षभर एकमेकांना स्क्रीनवर किंवा टेबलापलीकडे पाहणारी माणसं एक दिवस एकाच वाटेवर, एकाच वेगानं चालतात, यासाठी ती असते. ज्यांना चढायची हौस आहे त्यांच्यासाठी वर्षातले बाकीचे रविवार मोकळे आहेतच.

रविवारवरून आठवलं. या चालीसाठी रविवार घेऊच नका, शनिवारही नको. कामाचा दिवस घ्या, शक्यतो शुक्रवार. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या कार्यक्रमाला यायचं म्हणजे घरच्यांचा वेळ द्यायचा. ज्यांच्या घरी लहान मुलं किंवा आजारी आई-वडील आहेत, त्यांना तो सगळ्यात जड जातो, आणि त्यांत बायकांची संख्या जास्त असते. कंपनीला ही चाल खरंच हवी असेल तर कंपनीनं एक दिवस द्यावा. तो रजेत धरू नये. येणाऱ्याची हजेरी लागावी आणि न येणाऱ्याला कारण विचारू नये.

दुसरं कारण गर्दीचं आहे. लोणावळा-मावळ परिसरात रविवारी किती माणसं येतात, हे तिथून एकदा गाडीनं गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते, दोन्ही पावसाळ्यातले. ऑफिसचा गट जबाबदारीनं न्यायचा असेल तर भर पावसाळा आणि रविवार हे दोन्ही टाळा. भिजायची हौस असेल त्यानं जरूर भिजावं, पण तीस-चाळीस माणसांना, ज्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात शेवाळलेली पायरी उतरलेली नाही, घसरड्या वाटेवर नेऊ नये.

माझ्या मते या चालीचा हंगाम दिवाळी उरकल्यानंतरचा. ऑक्टोबरचा उकाडा गेलेला असतो, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, हवा स्वच्छ असते. मावळात भाताची कापणी-झोडणी साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत चालते. त्या धामधुमीत एखाद्या गावावर चाळीस माणसांच्या जेवणाचा भार टाकणं बरं नाही. नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार त्या दृष्टीनं चांगला. शेतं बरीचशी रिकामी झालेली असतात आणि घरी नवा इंद्रायणी तांदूळ आलेला असतो. हा वाण मावळातल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. परतताना दोन-दोन किलो तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्या. त्या गावाला ऑफिसच्या फलकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता वाट. पुण्या-मुंबईच्या गटांना मी मळवली ते लोहगड हीच वाट सुचवतो. लोहगड सोपा समजतात, म्हणून अनुभवी भटके नाक मुरडतात. पण वार्षिक चालीसाठी जे लागतं ते सगळं इथं आहे. मळवली स्टेशन पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर आहे, त्यामुळे बस ठरवावी लागत नाही. मुंबईकरांनी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला यावं आणि पुण्याकडच्या लोकलनं पुढचं एक स्टेशन जावं. स्टेशनातून निघून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागतं. तिथून वाट चढत गायमुख खिंडीत जाते. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. खिंडीपलीकडे लोहगडवाडी, आणि तिथून थेट गडावर दगडी पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वर गेल्यावर विंचूकाट्याचं लांबलचक टोक आणि खाली पवनेचं पाणी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत लोहगड आहे.

पण ही वाट निवडण्याचं माझं मुख्य कारण वेगळं आहे. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. याचा अर्थ असा की ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, जी सहकारी सहा महिन्यांची गरोदर आहे, ज्या काकांना निवृत्तीला वर्ष उरलंय, ते सगळे वाडीपर्यंत येऊ शकतात, गडाच्या पायथ्याशी बसू शकतात, जेवायला सगळ्यांबरोबर असतात. चालता चालता कुणाला त्रास झाला तरी त्याला खाली न्यायची सोय असते. एक गाडी दिवसभर गटाबरोबर ठेवा, आणि ती ‘न चालणाऱ्यांची गाडी’ म्हणून हिणवली जाणार नाही एवढं पाहा. राजमाची सुंदर आहे, गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे मराठी वाचकाला ती जवळचीही आहे, पण लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत एका बाजूलाच पंधरा किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. मुक्कामाची तयारी असेल तरच तिचा विचार करा. पन्हाळा ते पावनखिंड ही तर दोन दिवसांची मोहीम आहे, सरसकट सगळ्या ऑफिसला न्यायची वाट नव्हे.

तुमचं गाव नाशिक, सातारा, कोल्हापूर किंवा नागपूर असेल तर वाट वेगळी असेल, पण निवडताना हेच पाहा: सार्वजनिक वाहनानं पोचता यावं, मध्ये कुठंतरी गाडीरस्ता मिळावा, वाटेत एक तरी वस्ती असावी, आणि परतीला कड्याची उतरण नसावी. चढताना दम लागतो, पण माणसं जखमी होतात ती बहुतेक उतरताना.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरतात. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाईसाठी वर एक तास. मळवलीहून गडमाथा सहा-सात किलोमीटर आणि चढाई सुमारे ४०० मीटर धरली तर हे उत्तर दोन तासांच्या जवळ येतं. पण नेस्मिथचा माणूस तंदुरुस्त आणि एकटा आहे. चाळीस जणांच्या गटाला त्याच्या दीडपट वेळ लागतो, म्हणजे तीन तास. सकाळी साडेसातला स्टेशनातून पाऊल उचललं तर साडेदहा-अकराला माथ्यावर. बारा-साडेबाराला उतरायला लागा, एक-सव्वाला वाडीत जेवण, अडीचला परतीची वाट, चारच्या सुमारास भाजे लेणी, आणि साडेपाचच्या आत स्टेशन. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे या आराखड्यात फार ऐसपैसपणा नाही. उशीर झाला तर विंचूकाटा सोडा, लेणी सोडा, पण जेवणाची आणि विश्रांतीची वेळ कापू नका. लोकलचं परतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, कारण दिवसाच्या काही तासांत दोन गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं.

लेणी परतीला ठेवण्याचंही कारण आहे. भाजे लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन आत शिरतं आणि चैत्यगृह उजळतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली ही बावीस लेणी. चैत्यगृहाच्या पलीकडे चौदा छोट्या स्तूपांचा समूह आहे, काही कपारीच्या आत आणि काही बाहेर. शेवटच्या विहारात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. तिथं जाऊन नुसतं पाहायचं. पाय थकलेले असतात, बोलणं आपोआप कमी होतं. वर्षभर ज्याच्याशी ईमेलपलीकडे शब्द झालेला नाही, अशा माणसाच्या शेजारी पायरीवर बसून राहावं, दिवसातला तो अर्धा तास फार चांगला जातो.

महिनाभर आधीपासून

तारीख दोन महिने आधी आणि तपशील एक महिना आधी सगळ्यांना कळवा. ‘मस्त ट्रेक आहे, या!’ एवढ्यावर भागत नाही. किती किलोमीटर, किती चढ, किती तास, कुठं पाणी मिळेल, कुठं स्वच्छतागृह आहे, गाडी कुठून कुठपर्यंत असेल, हे स्पष्ट लिहा. स्वच्छतागृहाचा मुद्दा बहुतेक पत्रकांत नसतो, आणि माझ्या पाहण्यात अनेक जणी केवळ त्या एका कारणासाठी येत नाहीत किंवा आल्या तर दिवसभर पाणी पीत नाहीत. दिवसभर पाणी न पिणं हे चालण्याच्या दिवशी सगळ्यात घातक. म्हणून आयोजकांनी आधी एकदा जाऊन पाहावं: स्टेशनवरचं उघडं आणि वापरण्याजोगं आहे का, भाज्यात कुठं सोय होईल, वाडीत जेवण जिथं आहे त्या घरच्या ताईंना विचारून ठेवावं, आणि त्याचे पैसे जेवणाच्या हिशेबात वेगळे द्यावेत. पाळीच्या दिवसांत लागणारं साहित्य प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवा आणि ती पेटी एका सहकारी स्त्रीकडे द्या. हे सगळं मोकळेपणानं पत्रकात लिहा.

आजारांची माहिती मागताना मात्र मोकळेपणा नको, खासगीपणा हवा. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट येणं, हृदयाचं दुखणं, हे ज्यानं-त्यानं गटप्रमुखाला एकट्याला सांगावं. सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत ते लिहायला लावू नये. मधुमेही व्यक्तीनं खाणं आणि औषधं स्वतःच्याच पाठीवर ठेवावीत, गाडीत नव्हे. दम्याच्या पंपाचंही तसंच.

सरावासाठी महिनाभर रोज अर्धा तास चालणं आणि ऑफिसच्या जिन्यानं चढ-उतर करणं पुरतं. बूट महाग असण्याची गरज नाही, पण तळाला खाचा हव्यात आणि ते आधी किमान पंधरा दिवस वापरलेले हवेत. त्या दिवशी सकाळी नवे बूट घालून आलेल्या माणसाच्या टाचेला दुपारपर्यंत फोड येतो. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पंचा, सुती मोजे, थोडे चणे-गूळ किंवा चिक्की. साखर-मिठाचं पाणी करायचं प्रमाण सगळ्यांना माहीत असावं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

गटात कोण, हाही प्रश्न आहे. ‘टीम’ म्हणताना सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या मावशी, कॅन्टीनची मुलं, ड्रायव्हर हे बहुतेक ठिकाणी यादीतच नसतात. कंत्राटी आहेत, त्यांची सुट्टी दुसऱ्याच्या हातात, अशी कारणं निघतात. ती कारणं खरी आहेत, आणि म्हणूनच महिनाभर आधी ती सोडवायची असतात: बदली माणूस ठरवा, त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या. त्यांच्यापैकी कितीतरी जण मावळातले, वेल्ह्याचे, जव्हारचे असतात. अशा वाटांची त्यांना गटातल्या कुणाहीपेक्षा जास्त सवय असते. वाटेवर पुढं चालायला त्यांनाच सांगा.

साहेबांनी काय करावं? आदल्या दिवशी मुद्दाम कळवावं की उद्या प्रमुख वेगळा कुणीतरी आहे आणि मी त्याचं ऐकणार आहे. चालण्याचा नेता हुद्द्यानं ठरत नाही. वाट माहीत असलेला आणि मागे वळून पाहणारा माणूस नेता करा.

वाटेवर

सगळ्यात पुढं एक माणूस, त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. सगळ्यात मागं एक माणूस, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. भटक्या मंडळींत यांना ‘लीड’ आणि ‘टेल’ म्हणतात. दोघांकडे शिट्टी आणि एकमेकांचे फोन नंबर. गट चाळीसचा असेल तर दहा-दहाच्या चार तुकड्या करा आणि तुकड्या विभागवार पाडू नका, अकाउंट्सवाले अकाउंट्सवाल्यांबरोबरच चालणार असतील तर चालायला कशाला आलात? जिथं वाट फुटते तिथं शेवटचा येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मोजणी करायची, मगच पुढं. दिंडीत विणेकऱ्याला मागं टाकून कुणी धावत नाही, तसंच हे.

हळू चालणाऱ्यांना लीडच्या मागोमाग ठेवा. मागं ठेवलं की ते आणखी मागं पडतात, पुढं ठेवलं की सगळ्या रांगेचा वेग त्यांच्यावर ठरतो. वेगवान माणसांना हे सुरुवातीला जड जातं. त्यांना काम द्या: जास्तीचं पाणी, दोर, प्रथमोपचाराची पेटी त्यांच्या पाठीवर. ओझ्यानं वेग आपोआप जुळतो, आणि त्यांच्या ताकदीचा गटाला उपयोग होतो.

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. उग्र अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात, म्हणून स्पीकर घरी ठेवा आणि त्या दिवशी अत्तर लावू नका. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं आणि तोंड कपड्यानं झाकून तिथून लांब जायचं. साप चावला तर चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, आणि थेट प्रतिविषाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. ती कुठं आहे याची चौकशी निघायच्या आधी फोन करून झालेली हवी. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. डोंगरात अपघात झाला तर लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था बचावाचं काम वर्षानुवर्षं करत आलीय. त्यांचा संपर्क आधीच नोंदवून ठेवा.

जेवण वाडीतच घ्या. केटररला सोबत नेऊ नका. गावातल्या एखाद्या घरी आठवडाभर आधी आकडा सांगा, ताटाचा भाव ठरवा, निम्मे पैसे आगाऊ द्या, आणि दोन दिवस आधी नक्की आकडा कळवा. चाळीस सांगून अठ्ठावीस गेलात तर उरलेल्या बारा ताटांचेही पैसे द्या, त्यांनी पहाटे उठून भाकऱ्या थापलेल्या असतात. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, इंद्रायणीचा वाफाळता भात आणि आमटी. प्लॅस्टिकच्या प्लेट, बाटल्या, थर्माकोल काहीही नको. दारू तर नकोच, आणि हे पत्रकातच लिहा. ज्या दिवशी पन्नाशीच्या माणसापासून इंटर्नपर्यंत सगळे एका उतरणीवरून जाणार आहेत, त्या दिवशी त्याविषयी घासाघीस करायची नसते.

खेळ, बक्षिसं, भाषणं, सगळ्यांना सारखे टी-शर्ट, गडावर कंपनीचा फलक धरून फोटो, हे सगळं वगळा. कामाविषयी बोलू नका असा नियमही करू नका. माणसं बोलतील. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही, म्हणून जे मीटिंगमध्ये निघत नाही ते चढावर निघतं. ते निघू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अहवाल मागू नका.

आणि वाट दरवर्षी बदलू नका. नवं ठिकाण शोधण्यात आयोजकांची सगळी ताकद जाते आणि प्रत्येक वेळी सगळेच नवखे असतात. तीच वाट चार-पाच वर्षं धरली की गेल्या वर्षी आलेला यंदाच्या नव्याला सांगतो की इथं पायरी निसटती आहे, इथं सावली आहे, इथं पाणी भर. वाडीतली माणसं ओळखायला लागतात. स्वच्छतागृह, गाडी, जेवण यांचा प्रश्न दुसऱ्या वर्षी निम्मा झालेला असतो.

आजच कॅलेंडर उघडा, नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार राखून ठेवा, आणि पहिलं बोलावणं गेल्या वेळी सगळ्यात शेवटी पोचलेल्या सहकाऱ्याला पाठवा. यंदा वेग त्यानं ठरवायचाय, हेही त्याला सांगा.